आजीची विळी, कुरुंदाचा दगड आणि न्हाव्याची धोकटी

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलण्याची लकब तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका कबुलीपासून सुरू करतो. आमच्या घरात आजीची एक विळी होती. म्हणजे अजूनही आहे. काळं लोखंडी पातं, खाली आंब्याच्या लाकडाचा पाट, आणि टोकाला खोबरं खवायची दातेरी फुली. आजीनं त्यावर चाळीसेक वर्षं भाजी चिरली. ती विळी मी पाच मिनिटांत बिघडवली.

झालं असं, की दिवाळीच्या आधी आई म्हणाली, विळीला धार नाही, जरा बघ. माझा एक मित्र फॅब्रिकेशनचं काम करतो. तो म्हणाला, "काय बे, त्यात काय एवढं? ग्राइंडर मारू." मारला. ठिणग्या उडाल्या, पातं चकचकीत झालं, आणि कडेला मस्त जांभळा-निळा रंग आला. मला वाटलं, वा, किती भारी दिसतंय! दोन दिवस विळी छान चालली. तिसऱ्या दिवशी टोमॅटोची साल कापेना. परत घासली, परत दोन दिवस, परत तेच.

शेवटी गल्लीत सायकलवर धार लावणारे एक चाचा येतात, त्यांना दाखवली. त्यांनी पात्यावर नख फिरवलं, तो निळा पट्टा बघितला आणि म्हणाले, "पाणी उतरलं की ह्याचं, बाळा. आता कितीबी घासा, धार ऱ्हायची नाही."

पाणी उतरलं. हा शब्दप्रयोग आपण माणसांबद्दल वापरतो, पण तो मूळचा लोहाराच्या भट्टीतला वाटतो. लोहार पातं लाल तापवून पाण्यात बुडवतो, तेव्हा पोलाद कडक होतं. त्याला म्हणतात पाणी देणं. तेच पातं पुन्हा तापलं की कडकपणा कमी होतो. साधारण २२० अंशाला पोलादावर गवती पिवळा रंग येतो, ३००च्या आसपास निळा. म्हणजे मला जो रंग भारी वाटला, तो नुकसान झाल्याची खूण होता.

मग प्रश्न पडला. वीज नव्हती, ग्राइंडर नव्हता, तेव्हा प्रत्येक घरात विळी होती, प्रत्येक शेतात विळा होता, प्रत्येक न्हाव्याकडे वस्तरा होता. सगळ्यांना धार लागत होती. मग ही माणसं काय वापरत होती? आणि तुमच्यापैकी बरेच जण विचारता ना, की हॉस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत ठेवायला धारेचा लहान आणि स्वस्त दगड कोणता घ्यावा? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. चला.

आपला काळा दगड धारेला का पुरत नाही

सोलापूर बसलंय काळ्या दगडावर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला आणि थिजला, तोच हा बेसॉल्ट. आपला पाटा-वरवंटा, जातं, वाड्याची पायरी, सगळं यातूनच आलं.

आता धारेचा एक साधा नियम. घासणारा दगड पात्यापेक्षा कठीण पाहिजे. फ्रीडरिश मोस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञानं १८१२ साली कठीणपणाची एक पट्टी मांडली. सगळ्यात मऊ संगजिरं, त्याला १. सगळ्यात कठीण हिरा, त्याला १०. या पट्टीवर बेसॉल्टमधली मुख्य खनिजं ६च्या आसपास येतात. चाकूचं पोलाद साडेपाच ते साडेसहा. म्हणजे जवळजवळ बरोबरीचा सामना! म्हणून जुनं मऊ लोखंड पायरीवर घासून कामापुरतं तीक्ष्ण व्हायचं, पण आजचा स्टेनलेस चाकू त्या पायरीला दाद देत नाही.

क्वार्ट्‌झ असलेला दगड जास्त चांगला, कारण क्वार्ट्‌झ ७वर आहे. असा वाळूचा दगड हवा तर सोलापूरहून दक्षिणेला दोनशे किलोमीटरहून जास्त, बदामीकडे जावं लागतं. आणखी पुढे बल्लारीजवळ संगनकल्लूच्या टेकड्या आहेत. तिथं नवाश्मयुगातली, म्हणजे लोखंड यायच्याही आधीची माणसं दगडी कुऱ्हाडी बनवत होती. कुऱ्हाडी डोलेराइटच्या, आणि त्या घासायच्या ग्रॅनाइटच्या खडकावर. घासून घासून त्या खडकात पडलेले खोलगट चर आजही दिसतात. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ असतं. मोस जन्मायच्या तीन-साडेतीन हजार वर्षं आधी त्यांना हाताच्या अनुभवानं माहीत होतं, की कुठला दगड कुठल्या दगडाला खातो.

आपल्या आज्यांनाही माहीत होतं. चिनी मातीचा कप किंवा लोणच्याची बरणी उलटी करा. बुडाला एक खरखरीत कड असते, जिला चकाकी नसते. विळीचं पातं त्यावर चार वेळा फिरवायचं. ती भाजलेली माती बेसॉल्टपेक्षा कठीण असते. शून्य रुपये खर्च. पण ही तात्पुरती डागडुजी. खरी धार गेली, की बोलवायचं शिकलगाराला.

शिकलगार आणि कुरुंद

सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात शिकलगार आडनावाचे लोक तुम्हाला नक्की भेटले असतील. 'सैकल' म्हणजे अरबीत चकाकी देणं, आणि 'गर' म्हणजे फारसीत करणारा. सैकलगर, त्याचं मराठीत झालं शिकलगार. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती घासून, चमकवून देणारा कारागीर.

सोलापूरचा भुईकोट किल्ला आठवा. तो एका बाजूला विजापूरची आदिलशाही आणि दुसऱ्या बाजूला अहमदनगरची निजामशाही यांच्या ओढाताणीत सापडलेला. चांदबीबीच्या लग्नात सोलापूर आंदण दिलं गेलं, आणि त्यावरूनही पुढे भांडणं झाली. जिथं फौज, तिथं हत्यारं. जिथं हत्यारं, तिथं शिकलगार लागणारच.

त्यांचं चाक फार हुशारीनं बनवलेलं होतं. कुरुंद नावाचं खनिज कुटून पूड करायची, ती वितळलेल्या लाखेत मिसळायची आणि त्याची चकती ओतायची. लाख म्हणजे तीच, बांगड्यांची. एक जण चामड्याची वादी ओढून चाक मागे-पुढे फिरवणार, दुसरा त्यावर पातं धरणार. कुरुंद मोसच्या पट्टीवर ९. त्याच्या वर फक्त हिरा. दक्षिणेत म्हैसूर आणि सेलमच्या भागात कुरुंद सापडायचा.

आणि आता गंमत बघा. हे चाक हातानं फिरायचं, म्हणजे हळू. लाख थोड्याशा उष्णतेनंही मऊ पडते. म्हणजे पातं जास्त तापायच्या आधी चाकच तक्रार करणार! माझ्या मित्राच्या ग्राइंडरला ही सोय नव्हती.

पुढे लढाया थांबल्या, तलवारी गेल्या. शिकलगार कात्री, अडकित्ता, विळी, सुरीकडे वळले. सायकल आली, तेव्हा ती स्टँडवर लावून पायडलनं चाक फिरवायला लागले. आज महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत शिकलगार आहेत. गावोगाव फिरून लोखंडकाम करणारे घिसाडीही आहेत. 'घिसाडी' या नावातही घिसणं, म्हणजे घासणं, ऐकू येतं. एके काळी दरबाराला ज्यांची गरज होती, त्यांना आज आपण गल्लीत "वीस रुपयांत करता का?" विचारतो.

एक शब्द विलायतेला गेला आणि परत आला

अठराव्या शतकात हा कुरुंद इंग्लंडला पोचला. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत आशियातल्या या दगडावर निबंध सादर केला. तमिळमध्ये कुरुंदम, संस्कृतात कुरुविंद, आपल्याकडे कुरुंद. त्याचंच इंग्रजीत झालं कोरंडम.

मग अमेरिकेत १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत होता. माती आणि कोक एकत्र करून त्यातून जोरात वीज सोडली. हिरा काही मिळाला नाही. पण चमकणारे कठीण स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, हा कार्बन आणि कोरंडमचा संयोग असणार. म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होतं, कोरंडमचा त्यात संबंधच नव्हता! पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

या शोधानं धारेचा दगड स्वस्त झाला. आता चांगल्या खाणीजवळ राहायची गरज उरली नाही. भट्टीत स्फटिक बनवा, चाळणीनं दाण्यांचे आकार वेगळे करा, हव्या त्या आकाराची वडी भाजा. दगडावर १२०, ४००, १००० असे आकडे असतात ना, त्यांचा उगम या चाळणीत आहे. एका इंचात जितकी भोकं जास्त, तितका दाणा बारीक. आकडा मोठा म्हणजे दगड मऊसूत, आकडा लहान म्हणजे खरबरीत.

आपल्याकडे १९४१ साली मुंबईजवळ उरणच्या मोरा इथं ग्राइंडवेलचा कारखाना निघाला. १९५४ साली मद्रासला मुरुगप्पा समूहानं अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांच्या भागीदारीत कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू केली. म्हणजे आपल्या मातीतला शब्द समुद्र ओलांडून गेला आणि दीडशे वर्षांनी कारखान्याच्या पाटीवर बसून परत आला.

सोलापुरात मात्र या पावडरीची ओळख त्याआधीच झाली असणार. १८७७ साली इथं जुनी गिरणी सुरू झाली. सूतगिरणीत कापूस पिंजायचं कार्डिंग मशीन असतं. त्याच्या रुळांवर हजारो बारीक तारांचे दात. ते बोथट झाले की सूत बिघडतं. म्हणून एमरी लावलेले रूळ फिरवून त्या दातांना धार लावायची, हे कार्डिंग खात्यातलं एक स्वतंत्र काम होतं. एमरी म्हणजे काय? कुरुंद आणि लोहखनिजाचं नैसर्गिक मिश्रण. सोलापुरी चादरीचं गाव म्हणून आपण मिरवतो, पण त्या सुतामागे धार लावणारा एक कामगार होता, हे आपल्या गावीही नसतं.

एक कोयता म्हणजे दोन माणसं

कोयता म्हटलं की हल्ली बातम्यांतली 'कोयता गँग' आठवते. पण माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या बाजूला हिवाळ्यात चक्कर मारा. तिथं 'कोयता' हे मोजमाप आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि ती टनावर फेडायची असते.

म्हणजे हिशेब सरळ आहे. जितके टन, तितकी फेड. आणि ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त असते आणि घाव स्वच्छ बसला तर खोडवाही चांगला फुटतो. कोयता बोथट असेल तर एका घावाच्या जागी दोन घाव. दिवसभरात असे किती घाव होतील, विचार करा. मनगट, खांदा, कंबर, सगळ्यावर येतं. म्हणून कोयता पाजवणं ही तिथं हौस नसते. पाजवणं! काय शब्द आहे बघा, जणू पात्याला तहान लागलीय. जवळ एक कानस किंवा खरबरीत दगडाचा तुकडा असतो, मधेच थांबून चार हात मारले की परत फडात.

इथं बारीक १००० नंबरच्या दगडाचा काही उपयोग नाही. उसाला आरशासारखी धार लागत नाही. थोडी खरबरीत धारच चांगली पकडते. दगड निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: कापायचं काय आहे?

सगळ्यात लहान संच: न्हाव्याची धोकटी

दुसऱ्या टोकाला वस्तरा. गालावर फिरणारं पातं. ब्लेड बदलायचे वस्तरे येण्याआधी न्हावी बांधवांच्या धोकटीत, म्हणजे त्या छोट्या पिशवीत, सगळा संच मावायचा. वस्तरा, हातात मावेल एवढा गुळगुळीत दगड, पाण्याची वाटी आणि चामड्याचा पट्टा. संत सेना महाराजांनी याच व्यवसायातल्या वस्तू, आरसा आणि चिमटा, घेऊन अभंगात परमार्थ सांगितला, हे पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या मंडळींना सांगायला नको.

या धोकटीत खरबरीत दगड नसायचा, कारण वस्तरा इतका बोथट होऊच द्यायचा नाही. रोज पट्ट्यावर फिरवायचा, अधूनमधून दगडावर. आपण उलटं करतो. सहा महिने बघायचं नाही, आणि मग ग्राइंडर मारायचा.

मग घ्यायचं काय?

आता तुमच्या खोलीतल्या चाकूकडे येऊ. सांगतोय ते सगळं वरच्याच लोकांकडून शिकलोय.

पहिलं, एकच दगड घ्या, दोन बाजूंचा. एक बाजू ४००च्या आसपास, दुसरी १०००च्या. सहा-सात इंच लांब, दोन इंच रुंद पुरे. ड्रॉवरमध्ये बसतो. हार्डवेअरच्या दुकानात शे-दीडशेला मिळणारा काळपट-करडा दगड बहुतेक सिलिकॉन कार्बाइडचा असतो. तो खुरपं, कोयता, विळी यांना उत्तम, पण स्वयंपाकाच्या चाकूला त्याची बारीक बाजूही जरा खरबरीतच पडते. ४००/१०००चा थोडा महाग येतो, तरी दहा-बारा नगांच्या चकचकीत किटपेक्षा स्वस्तच. त्या किटमधले निम्मे दगड तुम्ही कधी ओलेही करणार नाही.

दुसरं, ज्यात चाकू घालून ओढायचा, तसलं खाचेचं यंत्र टाळा. ते कोन ठरवून देतं खरं, पण पोलाद खरवडून काढतं.

तिसरं, तेल की पाणी? हा वाद दोन हजार वर्षं जुना आहे. रोमन लेखक प्लिनी यानंही तेलाचे दगड वेगळे आणि पाण्याचे वेगळे असं लिहून ठेवलंय. आपल्यासाठी पाणी. घरातलं गोडेतेल लावू नका. ते चिकट होऊन दगडाची भोकं बुजवतं.

चौथं, कोन. चौकोनी कागदाचा कोपरा घ्या, तो ९० अंश. एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्याहून थोडा कमी, म्हणजे १५ ते २० अंश, हा चाकूचा कोन. दगडाखाली ओलं फडकं ठेवा, सरकणार नाही. ४००वर एका बाजूनं घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागत नाही. बोट धारेच्या दिशेनं नाही, धारेपासून बाहेर फिरवायचं हं! ती खरखर म्हणजे वळलेलं पोलाद. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. ती लागली की बाजू बदला. मग १०००वर तेच, हलक्या हातानं. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-दहा वेळा, पात्याची पाठ पुढे ठेवून. झाली तुमची धोकटी.

पाचवं, दगड मधे खोलगट झाला तर टाकू नका. आपल्याकडे शहाबादी फरशी आहेच. सपाट फरशीवर पाण्याचा पॉलिशपेपर पसरा आणि दगड त्यावर घासा. पुन्हा सपाट.

आणि विळीसाठी एक उलटी युक्ती. विळीत पातं स्थिर असतं, भाजी फिरते. धार लावतानाही तेच करा. पाटावर पाय घट्ट ठेवा, दगड हातात घ्या आणि पात्याच्या वळणावरून फिरवा. बोटं कायम पात्याच्या पाठीकडे.

विळीचं पुढे काय झालं

चाचांनी मला पत्ता दिला, एका लोहाराचा. पाटातून पातं काढून नेलं. त्यांनी ते तापवलं, पाणी दिलं, पुन्हा थोडं शेकलं. परत आणल्यावर चाचांनी सायकलवरच्या चाकावर धार काढली, सावकाश, मधे मधे ओल्या फडक्यानं पातं पुसत. मी पैसे विचारले, त्यांनी सांगितले, मी घासाघीस केली नाही. एवढी घासाघीस विळीची केल्यावर तोंड कुठं होतं?

मग मी माझा नवा दगड दाखवला. म्हटलं, चाचा, आता मी घरीच करणार, तुमचं गिऱ्हाईक गेलं. ते हसले. म्हणाले, "रोजचं तू कर. बिघडलं की मी हाय की."

मला वाटतं, सगळ्या भागाचं उत्तर या वाक्यात आलं. रोजची राखण आपली, मोठी दुरुस्ती कारागिराची. बरणीचं बूड आणि शिकलगार, दोघांचंही काम शेकडो वर्षं असंच वाटलेलं होतं. आपण दगडही विसरलो आणि कारागीरही, आणि मधल्या जागेत ग्राइंडर आणला. एक लहानसा दगड घेतल्यानं चाचांची रोजी जाणार नाही. ती जाईल, बोथट झालेला चाकू कचऱ्यात टाकून आपण दुसरा मागवला तर.

आई आता त्याच विळीवर मेथी चिरते. निळा पट्टा गेला. पातं थोडं अरुंद झालंय, ते काही परत येणार नाही.

तुमच्या घरी विळी कशावर घासायचे? पायरी, कप, की पाटा? आजीला विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बोटं सांभाळा!